महाराज पट्टसेनांचा वर्ण

रंग देण्यापूर्वी पृष्ठभाग स्वच्छ करावा, हे तंत्रनिकेतनातील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. पृष्ठभागात तेल मुरलेले असेल तर रंग त्याला धरत नाही; तो नुसता वर पडून राहतो. हे मी समाज मंडळाच्या बैठकीत सांगितले, तेव्हा अध्यक्ष किसनराव हसले.

"वासुदेवराव, ही मोटारीची टाकी नव्हे. हा आपला इतिहास आहे."

बैठकीतले बाकीचे लोकही हसले. अध्यक्ष हसले की हसायचे, एवढे शिक्षण आमच्या समाजात सर्वांना मिळालेले आहे.

ज्याला ते इतिहास म्हणत होते तो एक काळा दगड होता. कमरेएवढा, वऱ्हाडाच्या जमिनीखाली कुठेही सापडावा असा काळा पाषाण. त्यातून कोणा जुन्या पाथरवटाने खांद्यावर फावडे घेतलेला एक माणूस काढला होता. त्याचे नाव पाटोबा. आमचा समाज भाजी-फुलांचा. नदीचे पाणी पाट काढून ज्याने प्रथम आमच्या वाडवडिलांच्या मळ्यांत आणले तो हा, अशी समजूत. अकोल्याबाहेर गोदाबाईंच्या विहिरीच्या काठावर तो पिढ्यान्‌पिढ्या उभा होता, आणि समाजातली प्रत्येक मुलगी लग्नाआधी त्याला तिळाचे तेल लावत आली होती. कपाळापासून पायापर्यंत, दोन्ही तळहातांनी, दगड चकाकेपर्यंत. पाटोबाच्या कपाळात मुलीला तोंड दिसले की त्याने होकार दिला, असे मानत. मग लग्न.

मंडळाने जठारपेठेत सभागृह बांधले आणि पाटोबाला तिथे चौथऱ्यावर आणून उभे केले. एवढ्यावर थांबले असते तर मी हे लिहायला बसलो नसतो.

किसनराव अमरावतीचे. निवृत्तीनंतर काही माणसांना गुडघेदुखी जडते, काहींना प्राचीन भारत. किसनरावांना दोन्ही जडली. जिना चढताना ते कण्हतात आणि वर पोचताच आर्यांविषयी बोलू लागतात. त्यांचा सिद्धान्त असा, की प्राचीन काळी वर्ण म्हणजे कातडीचा रंग. गोरे ते वरचे, काळे ते दास. आपण शुद्ध क्षत्रिय, म्हणजे मूळचे गोरे. पुढे उन्हात राबून कातडी रापली, रक्त मात्र गोरेच राहिले. गोरे रक्त कसे दिसते, असे मी त्यांना एकदा विचारले. दासांपैकीच कोणीतरी तोंड वर करून बोलला, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले.

'पाटोबा' हे नाव त्यांना हलके वाटे. भाषणात ते 'महाराज पट्टसेन' म्हणत. खांद्यावरचे फावडे त्यांच्या मते गदा होती. आयुष्यभर फावडे पाहिलेल्या लोकांनी त्यावर माना डोलावल्या.

मी पद्धतशीर माणूस आहे. एखाद्या गोष्टीला खोटे म्हणण्यापूर्वी तपासतो. किसनराव ज्या प्राचीन वचनावर उभे होते ते मी शोधले. चार वर्णांना चार रंग लावणारे वचन खरोखर आहे. परंतु ते सांगून होते न होते तोच ऐकणारा ऋषी विचारतो, की सर्व वर्णांत सर्व रंग दिसतात, त्याचे काय करायचे? किसनरावांनी पहिले वाक्य उचलले होते आणि प्रश्न जागच्या जागी ठेवला होता. प्राचीन लोक निर्मळ होते असे माझे म्हणणे नाही. काळ्या कातडीला त्यांनीही शिव्या दिल्या आहेत, आणि गोऱ्या पुत्राची आस त्यांनाही होती. पण त्यांचा लाडका देव सावळा, जिच्यासाठी स्वयंवरात राजांची रांग लागली ती राजकन्या काळी, आणि ज्याने हे सगळे रचून सांगितले असे मानतात तो ऋषीही काळाच. माणसाला पायाखाली ठेवायला त्यांना कातडीची गरज नव्हती. जन्म पुरत होता. किसनरावांना जन्म पुरत नाही. त्यांना वर कातडीही लागते.

हेही मी बैठकीत सांगितले. ते म्हणाले, "तुमच्या पॉलिटेक्निकात वेद कधीपासून शिकवायला लागले?" पुन्हा हशा झाला. ठराव मंजूर झाला : महाराजांना त्यांचा मूळ वर्ण द्यावा.

मूळ वर्ण कोणता, हा प्रश्न मग पेंटरने विचारला. त्याला डबा घ्यायचा होता. प्राचीन क्षत्रियांचा वर्ण शेवटी एका रंगाच्या दुकानात, काउंटरवर उघडलेल्या शेडकार्डावर बोट ठेवून निश्चित झाला. बदामी आणि साय यांच्यामध्ये किसनराव बराच वेळ घोटाळले. बदामी त्यांना वैश्य वाटला. साय घेतला.

मुरलेल्या तेलाचे मी पुन्हा सांगितले नाही. एकदा सांगणे कर्तव्य असते. दुसऱ्यांदा सांगणे लोचटपणा. माझा हिशेब असा होता, की मे महिन्याच्या उन्हात दगडातले तेल वर येईल आणि रंगाला फोड येतील. मला घाई नव्हती.

घाई दुसऱ्या एका गोष्टीची होती. माझा धाकटा भाऊ किशोर याची मुलगी आरती आणि किसनरावांचा मुलगा शेखर यांची सोयरीक ठरली होती.

आरती पशुवैद्यक आहे. अडलेल्या गाईच्या पोटातून उलटे वासरू फिरवून बाहेर काढते आणि हात धुऊन चहा मागते. रंगाने काळी, सावळी वगैरे नव्हे, काळी. आमच्या आईसारखी. शेखर अमरावतीला स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये इतिहास शिकवतो. दोघांनी एकमेकांना स्वतः पसंत केले होते. तिला तो खरोखर आवडत असे. त्याचे नाव निघाले की ती विनाकारण चष्मा पुसू लागे. म्हणून मी त्याच्याबद्दलचे माझे मत माझ्यापाशी ठेवले होते.

लग्नाची बोलणी करायला आम्ही अमरावतीला गेलो. पोहे झाले. किसनरावांनी प्राचीन विवाहाचे प्रकार सांगितले. ते संपल्यावर त्यांच्या पत्नी जयवंताबाई आत गेल्या आणि ते शेडकार्ड घेऊन आल्या. घराच्या भिंतींसाठी ते जपून ठेवले होते म्हणे. आरतीच्या शेजारी बसून त्यांनी ते तिच्या गालाला लावले.

"हे पाहा, आता पोरगी इथं आहे," त्यांनी खालच्या कोपऱ्यातल्या चौकोनावर नख टेकवले, "आन् इथं आणाची आहे. इथवर नाई, पण इथवर तं आणताच येते. आमच्या ओळखीच्या बाई आहेत कॅम्पात. गोरेपणाच्या सुया देतात. दहा सुया घेतल्या का झालं."

"खर्च आम्ही करू," किसनराव औदार्याने म्हणाले. "मंडळाची स्मरणिका निघते आहे, तिच्या मुखपृष्ठावर महाराजांच्या शेजारी सूनबाईंचा फोटो येणार. लोकांनी पाहताच म्हटलं पाहिजे, हे एक कुळ आहे. आत्ता फोटो काढला, तर लोक विचारतील, धारणीकडची मजूर का उभी केली?"

धारणीची आदिवासी माणसे दर हंगामात किसनरावांच्या मेव्हण्याच्या संत्राबागेत राबतात, तिथल्याच ओसरीवर झोपतात आणि त्याच घरचे पाणी वेगळ्या लोट्याने पितात. प्राचीन भारत शोधायला किसनरावांना फार लांब जावे लागत नव्हते.

मी किशोरकडे पाहिले. तो माझा सख्खा भाऊ आहे, ही वस्तुस्थिती मला नाकारता येत नाही. तो म्हणाला, "तुमी म्हणता तसं, व्याहीबुवा."

आरतीने शेडकार्ड गालावरून काढून घेतले, उलटेपालटे पाहिले आणि विचारले, "याच्यात म्हशीसाठी काही नाई काय? माझ्याकडं येणाऱ्या साऱ्या काळ्याच असतात."

जयवंताबाई हसल्या नाहीत. शेखर हसला, पण आईकडे पाहून अर्ध्यात थांबला.

निघण्यापूर्वी त्या दोघांचे बोलणे झाले. मी तिथेच व्हरांड्यात बसलो होतो. म्हातारा माणूस खुर्चीसारखा असतो, त्याच्यासमोर लोक सगळे बोलतात.

"मला तू आहेस तशीच आवडतेस," शेखर म्हणाला.

"हे मले सांगून काय फायदा? मले माहीत आहे. बाबाले सांगा."

"सांगतो ना. जरा मूड पाहून."

"म्हशीचा मूड पाहून मी सुई नाई देत, शेखर. वेळ झाली का देतो."

"ते स्मरणिकेच्या टेन्शनमध्ये आहेत. तू दोन-तीन सुया घे, नाटक म्हणून. लग्न झालं की बंद कर. कोणाला कळणार आहे?"

तिने पायांत चपला घातल्या. मग म्हणाली, "मी सुई घेणार नाई. आन् हे मी सांगणार नाई, तुमी सांगसान. येवढंच काम आहे तुमाले. पाटोबाच्या तेलाच्या दिवसापरेंत टाइम देतो. नाई सांगतलं तं मी समजून घेईन का समजाचं काय ते."

"नक्की सांगतो," शेखर म्हणाला. "प्रॉमिस."

परत येताना गाडीत ती चष्मा पुसत होती. मी म्हटले, "सांगेल का?" ती म्हणाली, "सांगन, मोठेबाबा. इतका बी वाईट नाई तो." मी खिडकीबाहेर पाहिले. वाईट असणे आणि कणा नसणे, यांत फरक आहे. वाईट माणसाकडून निदान काहीतरी घडते.

तेलाच्या दिवशी जठारपेठेतले सभागृह भरले होते. अमरावतीहून दोन गाड्या आल्या. फोटोग्राफरने दिवे लावले. चौथऱ्यावर महाराज पट्टसेन उभे होते : साय रंगाचे अंग, गुलाबी ओठ, काजळ घातल्यासारखे डोळे आणि खांद्यावर सोनेरी केलेले फावडे. हळदीच्या कार्यक्रमाला नटून आलेल्या कोणा नवरदेवाच्या दूरच्या मामासारखे ते दिसत होते. मागे संगमरवरी पाटी बसवली होती, तीवर त्यांचे नाव आणि त्याखाली, अधिक मोठ्या अक्षरांत, किसनरावांचे.

किसनरावांनी भाषण केले. प्राचीन काळी आपण कोण होतो, ते त्यांनी सविस्तर सांगितले. आज आपण कोण आहोत, ते समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले दिसतच होते.

मी शेखरकडे पाहत होतो. आरतीही. तो फोटोग्राफरला वायर धरून मदत करत होता. दिवसभरात त्याने वडिलांशी एकच वाक्य बोललेले मी ऐकले : "माइक चालू आहे का, बाबा?"

मग गोदाबाई उठल्या. ज्यांच्या विहिरीवर पाटोबा होता, त्या ह्या. माझ्या चुलत आत्या. पाठीतून वाकलेल्या, पण आवाज शाबूत. पितळी वाटीत कोमट केलेले तिळाचे तेल घेऊन त्या आरतीपाशी आल्या.

"प्रतीकात्मक करायचं आहे, गोदाबाई," किसनराव माइकवरूनच म्हणाले. "एक थेंब कपाळाला. बस."

"एका थेंबानं पाटोबाचं आंग भिजते काय रे?" गोदाबाईंना माइक लागत नाही. "तुही बायको आली होती तवा कोपरापरेंत तेल होतं तिच्या. मीच वाटी धरली होती. लाव वं पोरी, रगडून लाव. तोंड दिसेपरेंत सोडू नोको."

इथे माझा हिशेब चुकला होता, हे कबूल केले पाहिजे. मी मे महिन्याची वाट पाहत होतो. तेलाचा हा विधी बायकांचा. मी तो कधी जवळून पाहिलाच नव्हता, म्हणून दोन तळहातांचा जोर मी हिशेबात धरलाच नाही. जवसाचे तेल असते तर इतक्या पिढ्यांत वाळून त्याचा कडक थर झाला असता, आणि रंग कदाचित टिकला असता. तिळाचे तसे वाळत नाही. दगड आतून ओलाच होता. रंगाची वरची बाजू सुकली होती, खालची कधीच सुकली नव्हती.

आरतीने दोन्ही हात तेलात बुडवले आणि कपाळापासून सुरुवात केली. जनावरांच्या अंगावरून हात फिरवायची तिला सवय. तिचा हात हलका नाही. दुसऱ्याच घासाला महाराजांच्या कपाळाला सुरकुती पडली. तिसऱ्याला दुधावरची साय गोळा व्हावी तसा रंग तिच्या बोटांखाली गोळा झाला आणि डाव्या भुवईसकट नाकावर घसरला.

किसनरावांची प्राचीन भाषा त्यांना सोडून गेली.

"अवं थांब! थांब पोट्टे! काय करून राहिली तू? महाराजाचं तोंड काळं केलं नं!"

"काळंच होतं, बाप्पा," गोदाबाई म्हणाल्या. "त्यावर लिपलं तं तुवंच होतं."

कोणीतरी मागून हसले. ज्या लोकांनी बैठकीत माझ्यावर हसण्याचा सराव केला होता, तेच हे लोक. मला त्यांच्या हसण्याचा आनंद झाला नाही. उद्या ते पुन्हा दुसऱ्या बाजूने हसतील.

"शेखर!" किसनराव ओरडले. "डबा आण बे! मागं हाय डबा!"

आणि शेखर धावला. इतक्या दिवसांत त्याला मी कशासाठीही धावताना पाहिले नव्हते. उरलेल्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन तो आला, चौथऱ्यावर चढला आणि महाराजांच्या कपाळावर रंग थापू लागला. आरती दगडाच्या एका बाजूला, हातभर तेल घेऊन. तो दुसऱ्या बाजूला.

"शेखर," ती हळू म्हणाली, "सांगतलं काय?"

"आरती, ही वेळ आहे का? तू जरा मागे हो. फोटोत येतंय सगळं."

त्याने ब्रश फिरवला. रंग तेलावरून ओघळून पाटोबाच्या डोळ्यात गेला. त्याने रुमालाने पुसले, पुन्हा ब्रश फिरवला. पुन्हा ओघळला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. जयवंताबाई खालून सांगत होत्या, "दाट घे, दाट! फेटल्याशिवाय घेऊ नको!"

"बसत नाही," तो पुटपुटला.

"नाई बसत," आरती म्हणाली.

ती मागे झाली नाही. पुढे झाली, त्याचा ब्रश मनगटाने बाजूला सारला आणि कपाळ पुन्हा घासू लागली. शांतपणे, जणू त्या सभागृहात ती आणि तो दगड एवढेच होते. राहिलेली साय निघाली. खालून ते जुने, चकचकीत, काळे कपाळ वर आले. फोटोग्राफरचे सगळे दिवे त्यात उतरले.

गोदाबाईंनी विधीप्रमाणे विचारले, "तोंड दिसलं काय वं, पोरी?"

आरती वाकली आणि पाहिले. तिच्या खांद्यामागे शेखर ब्रश घेऊन उभा होता, त्याच्यामागे किसनराव.

"दिसलं, आजी," ती म्हणाली. "माहं दिसलं. या दोघायचंबी दिसलं."

मग ती चौथऱ्यावरून उतरली आणि हात धुवायला मोरीकडे गेली. लग्न मोडल्याचे तिने जाहीर केले नाही. ज्याला कळायचे त्याला ते कळले. किशोरला कळले नाही. तो किसनरावांपुढे हात जोडून म्हणत होता, की पोरगी लहान आहे, रंगाचा खर्च आपण देऊ.

दुसऱ्या आठवड्यात किसनरावांचा मला फोन आला. अपमान वगैरे विषय त्यांनी काढला नाही. त्यांना तांत्रिक सल्ला हवा होता. मी तो पूर्ण दिला : दगड सोड्याच्या उकळत्या पाण्याने धुवावा, घासावा, उन्हात वाळवावा, पुन्हा धुवावा, मग अस्तर, मग रंग. "मग धरेल?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "धरेल. पुढच्या मुलीच्या तेलापर्यंत." ते म्हणाले, की मग ती तेलाची प्रथाच बंद करू, तशीही ती प्राचीन नसावी.

परंतु दगड धुवायला कोणी येण्याआधीच गोदाबाईंनी आपल्या नातवाचा वांग्यांचा टेम्पो आणून पाटोबाला विहिरीवर परत नेले. मंडळाची परवानगी त्यांनी घेतली नाही. "आणला तवा मले कोणी इचारलं होतं काय?" त्या म्हणाल्या. सभागृहात आता रिकामा चौथरा आहे आणि मागे ती पाटी. पाटी पांढरीशुभ्र आहे. किसनराव तिच्यासमोर उभे राहून अजून भाषणे करतात, आणि खुर्च्या भरतात.

शेखरचा निरोप मात्र त्या फोनच्याही आधी, तेलानंतर तिसऱ्या दिवशी आला, आणि तरी उशिराच आला. आरती त्या दिवशी माझ्याकडे जेवायला होती. फोन वाजला, तिने वाचले आणि माझ्यासमोर धरला. त्याने लिहिले होते, की बाबांशी बोललो, सुयांचा विषय संपला, आता काही अडचण नाही.

तिने फोन परत घेतला. चष्मा पुसला नाही. तिच्या नखांच्या कडांना अजून साय रंग चिकटलेला होता; साबणाने तो जात नाही, हे मी तिला सांगितले होते, पण रॉकेल आणायला तिला वेळ मिळाला नव्हता.

"मोठेबाबा," ती म्हणाली, "एकदा सुटलेला रंग मंग दुसऱ्यानं धरते काय?"

"खालचे सगळे खरवडून काढले तर धरतो. फार मेहनतीचे काम आहे."

"येवढा टाइम नाई मले," ती म्हणाली. फोन उपडा ठेवला आणि पोळी मोडली. "बार्शीटाकळीत गाय अडली आहे."